गजाला बांधलेली दोरी

ठेवा तो फोटो खाली, मास्तर. घरी मुलीला, नीरजाला दाखवायला नेतो म्हणता — काय दाखवणार? समुद्रकिनारा, रंगीत छत्र्या, दगडी रस्ते, दुकानांच्या पाट्या? आमच्या काशीनं तुमच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायच्या आधी हे फोटो ठेवले. आईची हौस. कोणी आलं की डबा उघडते. मुलगा ब्याऐंशीला बोटीवर गेला, तीन वर्षं झाली, दर दोन-चार महिन्यांनी मागं बंदराचं नाव लिहून फोटो पाठवतो. स्वतः एकातही नाही. आणि तुम्ही भुललात. खारेपाटणाहून मुलीची पत्रिका आणलीत ती आमच्या गुरुदाससाठी, की या छत्र्यांसाठी? — राहू दे, उत्तर नको. बघितलं मी तुमच्या डोळ्यांत.

तुम्ही शाळा चालवता, मी चौथी नापास. पण चाळीस वर्षं गलबतावर तांडेल होतो. तुम्ही फोटो बघता, मी धक्का बघतो, पाणी बघतो. घ्या हे चार. मागचं वाचा. जिनोव्हा. मार्सेल्स. लिस्बन. चौथं नाव मला लागत नाही, तुम्हाला लागेल. चार बंदरं — बरोबर? आता धक्क्याची तिसरी पायरी बघा. चारही फोटोंत डावा कोपरा फुटलेला. चार देशांत एकच दगड एकाच जागी फुटतो? आणि हे पायरीजवळचं झाड — इथं बोडकं, इथं पानांनी भरलेलं. बोटीवरचा माणूस एका धक्क्यावर वर्षभर काय करतो? बोट सोडली त्यानं. घरी कळवलं नाही. बापाला फसवायचं तर निदान पायरी तरी बदलायची.

हे सांगणार नव्हतो. पत्रिका जुळत नाही म्हणून तुम्हाला वाटेला लावणार होतो. पण तुम्ही म्हणालात, मुलगा दोन वर्षांनी आला तरी चालेल, मुलगी थांबेल. थांबेल? शिकलेली मुलगी — कशासाठी थांबेल? तुम्ही बाप ना तिचे? तिथं माझं तोंड उघडलं. आता ऐकाच.

हा रस्त्याचा, तुमच्या हातात होता तो. भिंग घ्या. कडेला खिडकी आहे, तिच्या गजाला कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे. कपडे नंतर — आधी गाठ बघा. आणि हा माझा उजवा हात. शिडाच्या दोरीत हे बोट गेलं, तेव्हापासून मी गाठ उलटी मारतो, टोक आतून मागं घेतो. दुसरं कोणी तशी मारत नाही. खलाशी हसायचे. गुरुदास माझ्या मांडीवर बसून शिकला — दहाही बोटं धड, तरी उलटीच मारायला लागला. थोबाडीत दिली मी, नीट बांध म्हणून. रडला नाही. म्हणाला, "बाबा, माका तुमचीच येता."

ती गाठ परक्याच्या खिडकीला कशी? दोरी त्यानं बांधली, म्हणजे घर त्याचं. आता कपडे बघा. हा सदरा. शेजारी बाईचा झगा. आणि त्याच्या पलीकडे — दिसलं? वीतभर आहे. झबलं.

गप्प बसा. मला समजूत नको. नातवाचं म्हणा, नातीचं म्हणा, मला कोणी विचारलेलं नाही आणि मीही विचारणार नाही. काशीला यातलं काही ठाऊक नाही. तिला बारीक दिसत नाही, पण हाच फोटो तिच्या आवडीचा. रोज पदरानं पुसते. म्हणते, कसले रंग आहेत बघा. मग विचारते, "भिंग खंय ठेवलात?" मी सांगतो, हरवलं.

कपबशा वाजल्या. द्या ते भिंग इकडे. पत्रिका उचला. मंगळ आहे म्हणून सांगा गावात — पण आमच्या मुलाला आहे म्हणा, नीरजाला नव्हे. तिच्या नावाला बोट लागलं तर मी खारेपाटणात येऊन तुम्हाला विचारीन. आणि फोटो न्यायचेच तर बाकीचे न्या, सगळे न्या. हा नाही. हा डब्यात सगळ्यात वर असतो. — ये गो, चाय ठेव थंय. मास्तरांक एस्टी गाठूची आसा.