ब्रेक शाबूत आहेत

नाही, ते मी नाही सांगणार. इंजिन कामातून गेलंय असं माझ्या तोंडून नाही यायचं, हेस्टर — तू बस हवी तर, ती भिंतीशी गाडीची जुनी सीट ठेवलीय ना, तिथे बस, स्वच्छ आहे, तुझे वडील रोज तिथेच बसतात — मला नाही बसवत, मी उभीच बरी. अकराच्या बसने येतो म्हणालेत ना? म्हणजे आलेच. ब्रिस्टलहून पहाटे उठून आलीस, कळतं मला, बाप एकच असतो. आणि तू काही वावगंही मागत नाहीयेस — "नेस्टा, एवढंच सांगा की आता ही दुरुस्त होत नाही, तुमचं ऐकतील ते." ऐकतील गं. तेच तर. माझे वडील गेले तेव्हा सगळं गाव म्हणत होतं, बेडोजचं गॅरेज आता बंद, पोरगी काय गाड्या दुरुस्त करणार, आणि दुसऱ्या सोमवारी तुझे वडील ही हिरवी गाडी घेऊन दारात हजर. गुरांचा डॉक्टर, बुटाला शेण, मागच्या सीटवर वासरं ओढायच्या दोऱ्या. म्हणाले, "क्लच घसरतोय. बघतेस?" एवढंच. त्या माणसाला खोटं सांगू मी?

बरं, ब्रेकचं ऐक आधी. तुला फोनवर म्हणाले ना, पुलावर ब्रेक लागले नाहीत म्हणून कठड्याला घासली? गाडी मीच टोचन करून आणली, आणि आणल्या आणल्या चारही चाकं काढली. जुन्या गाडीत काय होतं माहितेय का — ब्रेकची रबरी नळी आतून फुगते. बाहेरून ठणठणीत दिसते, पेडल दगडासारखं लागतं, आणि चाक मात्र आपलं फिरतंच आहे. म्हटलं, तेच असणार. खरं सांगू, तेच असावं असं वाटत होतं मला. नळी कापून बघितली — आतून स्वच्छ. सिलेंडर गळत नाही, लायनिंग पुरेसं आहे, ऑइल नवं आहे, मीच घातलेलं. दुसरी नळी लावून चर्चच्या उतारावर नेली आणि दाबले ब्रेक. गाडीचं नाक रस्त्याला टेकायचं बाकी राहिलं होतं. ब्रेक शाबूत आहेत, हेस्टर.

म्हणजे काय, म्हणजे काय — थांब ना. बस आली का ती? नाही, दुधाचा टँकर आहे.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुला वाटेल मीच काहीतरी लपवतेय. मेंढ्या व्यायच्या दिवसांत सुरू झालं हे. चढावर गाडी बंद. सीटच्या मागे पेट्रोलचा पंप असतो, टिकटिक करत असतो, ती टिकटिक थांबली की समजायचं चिकटला. पान्याने एक टोला दिला की लागला कामाला. तुझे वडील म्हणाले, "माझ्या अर्ध्या पेशंटांना हाच इलाज होता." पंप बदलला. मग काय, गाडी तापली की मरायची आणि गार झाली की जिवंत — कॉइल. तीही घरी बसून सापडत नाही, गाडी तापवावी लागते, तर आम्ही दोघं वरच्या टेकडीपर्यंत गेलो, ती मेली, मग बसलो गवतात ती गार होईस्तोवर, त्यांनी केक आणला होता. कॉइल बदलली. मग मिसिंग करायला लागली — कार्बोरेटर उघडला तर आत काळा भुगा, पेट्रोलचा पाइप आतून कुजून त्याचे तुकडे सुटत होते. साठ वर्षांची गाडी आहे, एक बरं केलं की दुसरं डोकं वर काढणार. पण हे सगळे खरे रोग होते. गाडीचे स्वतःचे.

गवत कापणीच्या सुमाराला पुन्हा फोन — "नेस्टा, गेली. चढावरच बंद पडली." ट्रक घेऊन गेले, तर गाडी त्यांच्याच अंगणात, झाडाखाली. म्हटलं, चढावर बंद पडली तर इथवर ढकलली कोणी? असेल कोणीतरी. मग वाकून बघते तर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये कोळ्याने जाळं विणलेलं. मोठं, छान, मध्ये माशीसुद्धा. आता जाळं काय चालत्या गाडीत विणतो कोळी? मी आपलं बॉनेट उघडलं. बॅटरीची अर्थिंगची वायर सैल होती, नट घट्ट केला, गाडी अर्ध्या किल्लीला चालू. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच. पुन्हा तोच नट. हादऱ्याने सुटतो नट, नाही असं नाही, पण हादऱ्याने सुटलेल्या नटावर पान्याचे ताजे चरे नसतात. चकाकत होते चरे. मला आधी शेजारच्या पोरांचाच संशय आला, त्या पॉवेलच्या. झापलंसुद्धा मी त्यांना, बिचारी.

आता हे मी तुला सांगणार नव्हते. तू इंजिनाचं काढलंस म्हणून. नाहीतर मी आपलं ब्रेकचं सांगून थांबणार होते — असू दे.

त्याच सुमाराला माझ्या डोक्यावर बॉनेट पडलं. हे बघ, इथे, भुवईच्या वर, अजून दिसतं. टाके पडले, डोळा काळानिळा, बेकरीत गेले तर बेकरीवाली किंचाळायची बाकी होती. सगळं गाव विचारत होतं. आणि तुझे वडील आले, तिथे बसले, समोरासमोर, चहा घेतला, बिस्किटं संपवली, कोकरांच्या जंतांवर बोलले, आणि उठून गेले. माझ्या तोंडाबद्दल अवाक्षर नाही. फाटकातून घोडं आत आलं की त्याचा कुठला खूर दुखतोय ते सांगणारा माणूस. वाईट वाटलं मला. म्हणजे — वाईट कशाला वाटायचं, मी काय त्यांची कोण — पण वाटलं. दिवसभर हातात काम धरवेना. आणि मग एकदम लक्षात आलं की हल्ली बोलताना ते माझ्या तोंडाकडे बघतच नाहीत, कानाकडे बघतात. मान अशी तिरकी करून, कोंबडी दाणा बघते तशी. चहाचा कप उचलायच्या आधी बोट फिरवून कड शोधतात. कडेचं दिसतं, नाकासमोरचं दिसत नाही. माझ्या आत्याचं असंच झालं होतं.

हो. तुला फोनवर कसं कळणार? तुला "मी मजेत" एवढंच ऐकू येणार. रडू नकोस आता, मला ते जमत नाही, मी काय करू मग — हे घे, फडकं स्वच्छ आहे, धुतलेलं आहे.

तर नट कोणी सैल केला ते मला त्या दिवशी कळलं. आणि का तेही. रविवारी त्या खानावळीच्या मागच्या अंगणात या जुन्या गाड्यांवाल्यांचा अड्डा जमतो ना, तिथे सगळे विचारणार, डॉक्टर, या की. गाडी बंद आहे — हे माणूस दहा वेळा सांगू शकतो, हसत सांगू शकतो, वर चार जण सल्ले देतात, मजा येते. मला दिसत नाही — हे एकदाच सांगायचं असतं. मग तू येणार, मग घराचं काय करायचं, मग ब्रिस्टल. रागावू नकोस. तुझ्याकडची खोली चांगली आहे म्हणाले ते. खिडकीतून पार्किंग दिसतं म्हणाले.

आणि मी काय करत होते? मी नट घट्ट करत होते. तो माणूस स्वतःच्या गाडीला स्वतःच्या हाताने आजारी पाडतोय, नेस्टा वाचव म्हणून, आणि नेस्टा आपली दुसऱ्या दिवशी फोन करतेय — झाली तयार, घेऊन जा. कळल्यावर मात्र नाही केला फोन. सांगितलं, एक भाग यायचाय. अगं, कसला भाग, नट आहे तो, तसाच सैल ठेवला. पण गाडी इथेच राहिली, सगळा उन्हाळा राहिली, आणि ते रोज बसने येऊन तिथे बसायला लागले. आल्यावर विचारायचे, "आला का भाग?" मी म्हणायचे, नाही अजून. "छान," म्हणायचे, "म्हणजे — अरेरे." मी डब्यात दोघांचं सँडविच आणायला लागले. गिऱ्हाईक राखावं लागतं.

बघू नकोस अशी. गिऱ्हाईकच.

हो, खोटंच होतं ते. तू बरोबर पकडलंस. पण ते आम्ही दोघांनी मिळून बोललेलं खोटं होतं — त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे, आणि कोणी कोणाला विचारलं नाही. तुझं तसं नाही. मी म्हटलं इंजिन गेलं, तर ते काय समजतील? नट त्यांनी सैल केलाय, हेस्टर. इंजिनाला काही झालेलं नाही हे या गावात सगळ्यात जास्त कोणाला माहीत आहे? त्यांनाच. त्यांना इतकंच कळेल की लेक आणि नेस्टा मिळून आता आपल्याला खेळवतायत, लहान मुलाला खेळवतात तसं. मग ते माझ्याकडे येतील पुन्हा? त्या सीटवर बसतील?

गाडी बाहेर कशी पडली मग — ते पारगिटर. ओळखतेस की, टोपीवाला, रविवारचा मेकॅनिक. परवा आला इथे, डॉक्टर बसलेले, आणि म्हणतो, "अजून झाली नाही, नेस्टा? तुझे वडील असते तर संध्याकाळी रस्त्यावर असती." मी काही बोलायच्या आत बॉनेट उघडलं, हात घातला, माझाच पाना घेतला. "हा बघा, डॉक्टर, नट सैल. एवढंच होतं. महिने घालवले पोरीने." चालू करून दाखवली. आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली. आता तो माणूस काय म्हणणार? पारगिटर हसतोय, इंजिन चाललंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं — म्हणजे माझ्या कानाकडे. मला वाटतं थांबले ते. मी बोलावं म्हणून थांबले. आणि माझ्या तोंडून काय निघालं, "सावकाश जा." मूर्ख बाई. पारगिटरसमोर त्यांचं झाकलेलं कसं उघडं करू, एवढंच डोक्यात. तोवर गाडी फाटकाबाहेर. मी उभी राहून आवाज ऐकत होते. दुसरा गिअर, तिसरा, मग पूल येणार म्हणून पुन्हा दुसरा — आणि मग तो आवाज. पत्र्याचा.

पोस्टाची बाई सायकलवरून नुकतीच पूल उतरली होती. नुकतीच. मी धावत पोचले तर ते स्टिअरिंग धरून बसलेले, आणि पहिलं वाक्य काय — "नेस्टा, माझ्या पुढे कोणी होतं का?" मी म्हटलं, नाही, कोणी नव्हतं. पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं. मग म्हणाले, "ब्रेक लागले नाहीत." मी म्हटलं, बघते.

तर आता सांगायचं ते खरंच सांगायचं. सकाळपासून घोकतेय, घरातसुद्धा मोठ्याने म्हणून बघितलं. डॉक्टर, ब्रेक शाबूत आहेत. डॉक्टर, तुमचे डोळे — नाही, असं नाही. डॉक्टर, मला माहीत आहे, केव्हापासूनच माहीत आहे. हेही नाही, हे ऐकून तर उठूनच जातील. असं म्हणावं का — की गाडी बरी आहे, पण जुनी आहे, कुठे कधी बंद पडेल सांगता येत नाही, तेव्हा बरोबर मेकॅनिक असलेला बरा. मी चालवते. रविवारी अड्ड्यावर नेते, हवं तर रोज टेकडीवर नेते, मला काय, रविवारी मला कुठे काम असतं. म्हणजे असतं, पण नसलं तरी चालतं. तुला वाटतं ऐकतील? तू ओळखतेस त्यांना, तू सांग. नको, तू नको सांगूस काही. तू गप्प राहा, मी बोलते. माझ्या हाताला ग्रीस आहे का बघ. तोंडाला?

आली बस. तेच उतरतायत. काठी आणलीय की गं, काठी आजवर कधी — तू उठू नकोस, धावू नकोस त्यांना धरायला, येऊ दे आपले आपण.

या, डॉक्टर. हो, हेस्टर आलीय. नाही, मी नाही बोलावलं, तीच आली. बसा ना — बरं, नका बसू. दिवा नवा बसवलाय, मडगार्डला अजून रंग द्यायचाय, हात लावलात तर खडबडीत लागेल. हो, तिथेच. आणि ब्रेकचं मी बघितलं, डॉक्टर, चारही चाकं काढून बघितलं, तर ब्रेक — म्हणजे मी असं म्हणत होते, की ही गाडी आता अशी — डॉक्टर, ते दार नव्हे, तुम्ही डाव्या बाजूला आलात, स्टिअरिंग तिकडे —

बरं.

बरं. पाय आत घ्या. दार जोरात ओढा, ते असं लागत नाही. किल्ली आहे माझ्याकडे, खिशातच आहे, थांबा, सीट जरा पुढे घेते.

हेस्टर, तू कशाला उभी? फाटक उघड आणि घरी जा, किटली ठेव. घाई करू नकोस. आम्हाला वेळ लागेल.