गल्लीतले माग थांबतात तेव्हा

मी मूळची बेळगुंदीची, शेतातली पोर. लग्न होऊन विणकरांच्या वडगावात आले तर काय सांगू तुम्हाला, सगळ्या गल्लीत मागांचा खडखडाट. सासूबाई काय सांगतात ते कळायचं न्हाय, मी आपली मान हलवायची आणि भलतंच करून ठेवायची. समोरच्या गंगाक्कानं ते बघितलं. तिची बोली कानडी, पण मराठीत म्हणली, कानानं ऐकू नको गं, तोंडाकडं बघ. ओठांवरनं बोलणं ओळखायला तिनंच शिकवलं, तुटला धागा जोडायलाबी तिनंच.

आमच्या गल्लीचा एक नेम हाय, सासऱ्यांच्याबी आधीपासनं. कुणाच्या घरात माणूस शेवटाला लागलं की सगळ्यांनी माग थांबवायचे. जाणाऱ्याच्या कानावर देवाचं नाव पडावं आणि त्याचं बोलणं घरच्यांना ऐकू यावं. आणि थांबल्यानं ज्याचं काम आडलं त्याच्याकडं नंतर सगळ्यांनी हात लावायला जायचं, कुणी धाग्याच्या कांड्या भरायच्या, कुणी माग चालवायचा. असा जोडीचा नेम. पण काय झालं, थांबायचं तेवढं राहिलं आणि हात लावायचं सुटलं. ज्याचं त्यानं बघावं, असं झालं.

गेल्या लगीनसराईत गंगाक्का आडवी झाली. डॉक्टर म्हणले, घरी न्या. कॅम्प भागातनं तिची लेक आली, उशाशी बसली. म्हातारी ओठ हलवतीया, काय म्हणतीया ते कळंना. मलाबी कळंना, दात न्हाईत, ओठ आत गेलेले. गल्लीतले माग एकेक करून थांबले. एक तेवढा चालू, तो आमचा, माझ्या लेकाचा, मारुतीचा.

मी गेले, म्हणलं बंद कर. तो वर बघंना. म्हणला, उद्या साड्या द्यायच्या हाईत, न्हाय दिल्या तर शेठ काम दुसरीकडं देणार, मग हा माग भंगारातच घालायचा. मी म्हणलं, अरं गंगाक्का हाय ती. तर म्हणला, शेजारच्या कल्लाप्पाण्णांच्या बापाच्या वेळी मी थांबवलंतं, माझं काम हातचं गेलं. कोण आलतं आई? तूच सांग.

मागाचं बटण हाताशी होतं, पण हात उचलंना, कारण पोरगं खरं बोलत होतं.

बाहेर आले तर कल्लाप्पा दारातच. म्हणला, काय वैनी, तुमच्या मारुतीला देव दिसंना, शेठ दिसतोय. लई लागलं मला.

"तुमच्या बापाच्या वेळी दिसला की त्याला देव," म्हणलं. "त्याच्या कांड्या कोण भरणार ते सांगा, मग मी थांबवते."

गल्लीतली सगळी येऊन उभी राहिली. गंगाक्काची लेक दारात आली, आमच्या मागाच्या आवाजाकडं बघितलं आणि परत आत गेली. तिकडं म्हातारी चालली आणि इकडं आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय. शेवटी कल्लाप्पाची बायको शांता पदर खोचून आमच्या घरात शिरली. मारुतीला म्हणली, कांड्या मी भरते, माग हे चालवतील, न्हाय चालवला तर ह्यांना जेवण न्हाय. कल्लाप्पा खाली बघूनच व्हय म्हणला.

मारुतीनं बटण दाबलं.

गल्ली एकदम गप्प झाली. मी धावत समोर गेले, तर गंगाक्कानं डोळे उघडले, इकडं तिकडं बघितलं, कानडीत विचारलं, "माग थांबले. कोण गेलं गं?"

लेकीनं तोंडाला पदर लावला. मी आक्काचा हात धरला.

"कुणी न्हाय आक्का. लाईट गेली."

अस्सं, म्हणली, मग पोरांना म्हणावं भाकरी खाऊन घ्या तेवढ्यात. मग लेकीला जवळ बोलावलं. काय सांगितलं ते मी ऐकलं न्हाय, तोंड फिरवून बसले. ते तिचं होतं.

दुपारी आक्का गेली. माती देऊन आल्यावर कल्लाप्पा खरंच आमच्या मागावर उभा राहिला, कुरकुरत का हुईना. साड्या गेल्या वेळेवर. आता नेम परत जोडीनं चाललाय, चालंल तवर चालंल.

पण एक नवीनच झालंय बघा. खरंच लाईट गेली आणि माग थांबला की मारुती आधी माझ्या खोलीत डोकावतो. आई, हाईस न्हवं? मी म्हणते, हाय रं बाबा, जा, भाकरी खाऊन घे. सुखी ऱ्हावा सगळी.