दळून ठेवलेला दगड

मी इथलीच, वसईच्या खाडीकडची, बापाची भातशेती. आमच्याकडं उन्हाळ्यात वर्साचा मसाला एकदाच कुटायचा नि बरन्या भरून मोकळं व्हायचं, काम अंगावर ठेवलेलं आयेला खपायचं नाय. तीच सवय माझ्या हाताला, नि तिनंच घात केला, काय सांगू तुम्हाला.

लग्न होऊन आचोळ्यात आले. नवऱ्यानं अंथरून धरलं तवा एका लॅबमधी लागले. खानीवाले तांब्याचा दगड पाठवतात, आम्ही सांगायचं यातनं तांबं किती निघेल. दगड दळायचा, पान्यात औषध घालून कालवायचा, हवा सोडायची, की तांब्याचा चुरा बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतो, तो फळीनं ओढून घ्यायचा. माती खाली. पयल्यांदा बघितलं तवा हरखलेच होते मी, आता काय, रोजचंच.

तर मी नवीन, नि आमचे सर, म्हंजे लॅबचे केमिस्ट, तीन आठवडे रजेवर. मी आपलं एका खानीचं अख्खं पोतं दळलं नि पिशव्या भरून ठेवल्या. कोनी सांगितलं नव्हतं हो, म्हटलं सर आले की खूश होतील. सर आले, मशीन लावलं, तर फेस नुसता पांढरा, तांबं सगळं खाली मातीत. दळलं की त्याला हवा लागते, ओल लागते, वरनं गंज धरतो, मग ते बुडबुड्याला चिकटतच नाय. अख्खा दगड टिकतो, दळलेला नाय. मला मेलीला काय ठावं!

मालक तडकले, खानवाल्यांना काय तोंड दाखवू, दळला कोनी? माझी नोकरी कच्ची, पगारावर नवऱ्याची औषधं. मी आपली फळी धुवायला वळले. सर म्हनाले, मीच सांगून गेलो होतो दळायला. नवीन पोतं आलं, त्यात तांबं चांगलं निघालं, पन महिन्याभरात सरांना घरी बसवलं.

जिन्यात गाठलं त्यांना, म्हटलं सर, मी जाऊन खरं सांगते. तर म्हनाले, गप बसा ताई, घरी पडलेला मानूस आहे तुमचा. बसले गप.

आता लॅबमधी मीच जुनी, नव्या पोरी मला विचारून दगड दळतात. दमले हो. सर असतील तिथं देव त्यांना सुखात ठेवो. त्यांनी नवऱ्यासाठी गप बसवलं मला. नवरा तर दोन महिन्यांत गेला, मालक अजून तेच आहेत, नि मी अजून गपच आहे.