लॉनवरची मेथी

हसू नका, पण परवा एका बाईंनी आमच्या आबांना मेथी समजावून सांगितली. कासुर्डीचं आमचं रान वडलांनी, म्हंजी आबांनीच विकलं. तिथं आता लग्नाचं लॉन हाय, आन् आबा तिथंच माळी. त्याच लॉनवर पुण्याच्या ह्या चित्रकार बाईंनी प्रदर्शन मांडलेलं. काय, तर गोण्यांत लावलेली मेथी.

बाई म्हणाल्या, "आबा, महायुद्धात खायचे वांधे झाले, तेव्हा तिकडे विलायतेत शहरातल्या लोकांनी लॉन खणून भाजी लावली. त्याची ही आठवण."

आबा गेले आन् कुदळच घेऊन आले. "मंग गोण्या कशाला? हितंच खणतो. आपले वाफे कुठं व्हते, मला ठावं हाय."

"अहो नको! लॉन खराब होईल."

आबांनी कुदळ खाली ठिवली.

"व्हय बाई. मालक वरडतील."