सगुणेचा न फुटलेला नारळ

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. सोपा वाटेल, म्हणून सांभाळून ऐका! जी वस्तू वाचवण्यासाठी 'ती माझी नाही' असं म्हणावं लागतं — ती वाचल्यावर कुणाची उरते?

इतक्यात माना हलवू नका! मृदंगवाले बुवा, तुम्हीसुद्धा! आधी गोष्ट.

समुद्रकाठी आंबेखोल नावाचं गाव. तिथले भिका कुबल — तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. माणसं समुद्रात नेणारा आणि परत आणणारा. परत आणणारा, हे महत्त्वाचं! बायको सगुणा वारलेली. मुलगा जयेंद्र परदेशात धंदा करून मोठा झालेला. एकदा त्याचा फोन आला, "बाबा, आईच्या नावाची होडी घेतोय. पहिला नारळ तुम्ही फोडायचा!"

म्हाताऱ्याला आणखी काय हवं? सांगा ना!

होडी कसली हो — राजवाडा! पांढरीशुभ्र, शिडाची, आत पलंग, आत फ्रीज. पण विकत घेतलेली परदेशात. इथे आणायची म्हणजे आयात कर. आकडा ऐकून जयेंद्रचं तोंड उतरलं. मग भेटला सल्लागार. या लोकांना शोधावं लागत नाही, मंडळी. मासळी उतरली की मांजरं येतात ना, तसे येतात!

सल्लागार म्हणाला, "साहेब, होडी तुम्ही घेऊच नका."

"मग?"

"दूर एका बेटावर कंपनी काढू. होडी कंपनीची. नोंद बेटावर, झेंडा बेटाचा. भारतात आली की ती पाहुणी. मुदत संपायच्या आत बाहेर जायचं. पाहुणीला कसला आयात कर?"

"आणि कंपनी कुणाची?"

"तुमचीच हो! पण विचारलं कुणी, तर तुम्हीही पाहुणे!"

कायदा मोडला का? नाही! एकही सही खोटी नव्हती. सगळं चोख. खोटं फक्त एकच होतं, आणि ते लिहायला कुठे रकानाच नव्हता.

होडी तरंगते कशी, कधी विचार केलात? स्वतःच्या वजनाइतकं पाणी ती बाजूला सारते, म्हणून. तिथे सूट नाही! कागदावर हलकी दाखवा, वाटल्यास दाखवूच नका — समुद्र तेवढंच पाणी मागतो. माणसाचंही तसंच —

माझें म्हणतां ओझें येई ।
ओझ्यावांचून माझें नाही ॥

नारळी पौर्णिमेला होडी आंबेखोलच्या धक्क्याला लागली. गाव लोटलं! भिकातांडेल धुतलेलं धोतर नेसून, नारळ घेऊन पुढे. आधी होडीच्या मागे गेले. तिथे सुरेख अक्षरांत 'सगुणा' लिहिलेलं. म्हाताऱ्याने त्या नावावरून बोट फिरवलं. मग ते बोट खाली सरकलं. खाली दुसरं नाव, जिभेला न वळणारं.

"जयेंद्रा, ह्या काय?"

"बंदराचं नाव, बाबा. जिथे नोंद असते, ते लिहावं लागतं."

"तुझ्या आवशीचो गाव हो कधी झालो रे?"

खाडीपलीकडचं माहेर सोडून सगुणा आयुष्यात कुठे गेली नव्हती, मंडळी! जयेंद्र हसला. "नुसता नियम आहे, बाबा. चला, मुहूर्त जाईल."

आता त्या गावाची एक रीत ऐका. नव्या होडीचा पहिला नारळ असा फुटत नाही. वडीलधारा माणूस होडीच्या तोंडाशी तळवा टेकतो आणि विचारतो, होडी कोणाची? मालकाने त्या हातावर हात ठेवून म्हणायचं — माझी. तिचं बरंवाईट माझं. का ही रीत? होडी बुडाली, तर खलाशांच्या बायकापोरांनी कुणाच्या दारात जायचं, ते आधीच ठरावं म्हणून!

भिकातांडेलांनी तळवा टेकला. विचारलं, "होडी कोणाची?"

जयेंद्रने हात उचलला. आणि त्याला गर्दीत दिसले कस्टमचे शिरोडकर साहेब! परदेशी झेंड्याची होडी, म्हणून तपासायला आलेले.

हात हवेतच थांबला.

"जयेंद्रा, होडी कोणाची?"

"बाबा... तसं पाहिलं तर... कंपनीची आहे. मी पाहुणा आहे हिच्यावर."

बायकांमधून कुणीतरी म्हणालं, "अगो बाय! आवशीचा नाव आणि ह्यो पाहुणो?"

म्हाताऱ्याने हात काढून घेतला. "जेची आसा, तेका बोलव. मी थांबतंय. धन्याविना होडयेक नारळ फुटूचो नाय."

आणि थांबले ना! नारळ मांडीवर घेऊन धक्क्यावर बसले. कोण येणार होतं? बेट येणार होतं?

शिरोडकर साहेब नंतर काय म्हणाले, ठाऊक आहे? "अहो, पूजेतला 'माझी' हा शब्द म्हणजे काय जबाब असतो का? मी तर प्रसादासाठी थांबलो होतो!"

पाहुणीची मुदत संपत आली. 'सगुणा' निघून गेली. नारळ घरी फळीवर राहिला.

पुढे भिकातांडेल गेले. जयेंद्र विमानाने आला. होडी कुठे होती? परक्या बंदरात, कर चुकवत. अस्थी समुद्रात न्यायच्या, तर होडी हवी. शेजारचा धाकू मेथर म्हणाला, "माझी आसा. जुनी आसा, पण माझी आसा." तीतून गेले तांडेल.

घरी येऊन जयेंद्रने फळीवरचा नारळ काढला. कानाशी धरून हलवला. पाणी आटलेलं. खोबरं सुटून आत खडखडत होतं.

मंडळी, मी येताना देवळाबाहेरच्या गाड्या पाहिल्या. राहता इथे, आणि नंबरपाट्या शेजारच्या राज्याच्या! हसलात? जे हसले नाहीत, तेही दिसले मला! आणि गाड्यांचं सोडा. चूक नोकराच्या नावावर, कर्तव्य सरकारच्या नावावर, म्हातारी आई धाकट्या भावाच्या नावावर — आपल्या नावावर उरलं काय? फक्त नफा!

आता आरतीचं ताट येईल. ज्योतीवर हात धराल. आत कुणीतरी तळवा टेकून विचारत असेल, कोणाची रे ही होडी? टाळ थांबवा. बुवा, मृदंगही. उत्तर मला नको — पण ज्याला द्यायचं, त्याला आज 'मी पाहुणा' असं सांगू नका.