बाहेरची बाजू कोणाची होती?

सुनीतावहिनी, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

नंदूदादांच्या सगळ्यात जवळचा म्हणून मराठी मंडळाने आजच्या शोकसभेत मला आधी बोलायला सांगितलं. ते ऐकूनच मान खाली गेली. बोलणं जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही, तर वहिनींच्या नजरेला नजर देता येत नाही म्हणून.

दादा इथे कोबेच्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करायचे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण रविवारी सकाळी ते कुठे जायचे, हे फार थोड्यांना माहीत असेल. नदीकाठच्या मैदानावर. नोकरदार माणसांचा एक हौशी संघ आहे, अमेरिकन फुटबॉलचा. इथले जपानी लोक त्याला आमेफुतो म्हणतात. दादा त्या संघाच्या बचावाचे कोच होते. तिकडे पूर्वेला मोठा भूकंप झाल्यावर मी तोयोसुचं ऑफिस सोडून कोबेला आलो, तेव्हा इथे कोणालाच ओळखत नव्हतो. दादांनी मला धरून मैदानावर नेलं. माझ्या अंगापिंडाकडे बघितलं आणि म्हणाले, तुला टोकाला उभा करतो.

त्या खेळात रीड-ऑप्शन नावाची एक चाल असते. समोरचा संघ टोकाच्या बचाववाल्याला मुद्दाम अडवतच नाही. म्हणजे मला. मला वाटायचं, वा, आपण मोकळे. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे खेळ चालवणारा माणूस, शेजारून पळणाऱ्या गड्याच्या पोटाशी चेंडू धरतो आणि माझ्याकडे बघतो. मी त्या पळणाऱ्यावर धावून गेलो, की हा चेंडू मागे ओढून घेतो आणि मी सोडलेल्या बाहेरच्या बाजूने स्वतः सुसाट सुटतो. दर वेळी मी फसायचो. दर वेळी.

मग एकदा याच हॉलमध्ये, गणपतीच्या जेवणात, दादांनी माझ्या पानातल्या वाट्या उचलून मांडल्या. आमटीची वाटी पळणारा, कोशिंबिरीची क्वार्टरबॅक, आणि मिठाचा चमचा मी. कोशिंबिरीच्या वाटीवर बोट ठेवून म्हणाले, "चेंडू बघू नकोस. चेंडू सगळ्यांनाच दिसतो. पळणाऱ्याला आतला माणूस धरेल. तुझा माणूस हा. त्याच्याकडे चेंडू असो नसो, तू ह्याचाच." वहिनी वाढत होत्या. आमटी गार होतेय, म्हणाल्या. आठवतंय ना वहिनी?

मला तेव्हा ते खेळाचं वाटलं. फक्त खेळाचं.

मग दादा आजारी पडले. त्या गुरुवारी डॉक्टर रिपोर्ट समजावून सांगणार होते. वहिनींचं जपानी बाजारहाटापुरतं, डॉक्टरांचं बोलणं त्यांना कुठून कळणार? त्यांनी आपल्या ग्रुपवर लिहिलं, गुरुवारी कोणी सोबत बसेल का. खाली आपण काय लिहिलं? हात जोडले. आम्ही आहोत. काळजी करू नका. मीसुद्धा लिहिलं, आम्ही आहोत. आम्ही म्हणजे कोण, हे कोणीच लिहिलं नाही. मला वाटलं, तुमच्यातलं कोणीतरी जाईल. तुम्हाला वाटलं, मी जाईन.

त्या गुरुवारी मी अर्धी रजा काढली होती. हो, काढली होती. आणि मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन वहिनींच्या दारात जाऊन उभा राहिलो. दाराला कुलूप. कडीला डब्यांच्या चार पिशव्या आधीच लटकलेल्या. चारही आपल्यातल्याच कोणाकोणाच्या. मी पाचवी लटकवली आणि काहीतरी केल्याच्या समाधानात घरी गेलो.

आणि तिकडे इस्पितळात डॉक्टर बोलत होते. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. दादा पलंगावरून ऐकत होते आणि स्वतःचाच रिपोर्ट वहिनींना मराठीत सांगत होते. आता औषधाचा उपयोग नाही, हे त्यांनी आधी स्वतः ऐकलं आणि मग स्वतःच्या तोंडाने बायकोला सांगितलं. मध्ये डॉक्टरांना थांबवून म्हणाले, जरा हळू बोला, हिला सांगून होऊ दे.

मित्रहो, औषधाचा उपयोग नाही, हे वाक्य वहिनींपर्यंत माझ्या तोंडून जायला हवं होतं. मला लाज वाटते. कोणाला दुखवायला उभा नाही राहिलो मी, पण आपल्या सगळ्यांना थोडी लाज वाटायला हवी.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा मी धावत इस्पितळात गेलो. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून काहीबाही पुटपुटलो. दादा, मला वाटलं कोणीतरी असेलच. दादांनी विचारलं, किती डबे आले? मी सांगितलं. ते खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "पळणाऱ्याला पाच जणांनी धरलंत रे. बाहेरची बाजू कोणाची होती?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. रविवारच्या सामन्यात टोकाला कोण उभं राहतंय, ते विचारलं. मी, म्हणालो. "मग चेंडू बघू नकोस," म्हणाले.

रविवारी मी चेंडू बघितला नाही. ते सांगायला गेलो, तेव्हा दादांची शुद्ध हरपली होती.

आता एकच सांगतो आणि थांबतो. मंगळवारी वहिनींना वॉर्ड ऑफिसात जायचंय, दादांच्या कागदांसाठी. त्यांच्याबरोबर मी जाणार. आम्ही नाही. मी. त्या दिवशी कोणी डबा आणू नका. बुधवारपासून कोणत्या दिवशी काय करणार, ते ज्याचं त्याने आज जाताना वहिनींना तोंडाने सांगायचं, स्वतःचं नाव घेऊन.

दादा, तुम्हाला नमस्कार. उशिरा कळलं.

आता आपण दादांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या. शेजारचा उठला का, ते बघू नका. आपापलं उठा.