एका मार्काचा फरक

केमिस्ट्रीत मी एक मार्क मुद्दाम घालवलाय, माहितेय तुला? संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मी इंटर सायन्सला, राहायला गिरगावात. एका सकाळी सर नावं पाठ करून घेत होते. कार्बनला ऑक्सिजन एक असेल तर मोनॉक्साइड, दोन असले तर डायऑक्साइड. मी विचारलं, "सर, एकाने असा काय फरक पडतो?"

"एका मार्काचा," सर म्हणाले.

त्याच दुपारी नाक्यावर अश्रुधूर सुटला. शेजारच्या माईंना दमा, त्यात घरात एकट्या. मीच त्यांच्या खिडक्या लावल्या, फटींत ओली फडकी कोंबली. त्यांची कोळशाची शेगडी एरवी गॅलरीत पेटायची. माई म्हणाल्या, "चहापुरती आतच पेटवू का रे? तू सायन्सवाला, तूच सांग."

म्हटलं, "पेटवा की. दार तेवढं उघडू नका."

नाही उघडलं त्यांनी. संध्याकाळी आम्ही दार तोडलं, तेव्हा माई गेलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "कार्बन मोनॉक्साइड." सकाळीच पाठ केलं होतं मी.

परीक्षेत नेमकं तेच नाव विचारलं. येत होतं रे मला. नाही लिहिलं.